भातखाऊंच्या उकिरड्यातली हाडं

सॅम्युएल गॉम्पर्स यांच्या अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनेने विसाव्या शतकाच्या तोंडावर एक पुस्तिका काढली. चिनी मजुरांना देशात येण्यास मनाई करणारा १८८२चा कायदा चालूच राहावा, यासाठी. तिच्या शीर्षकातच मांस विरुद्ध भात असा सामना लावला होता. म्हणणं असं, की मांस खाणाऱ्या गोऱ्या कामगाराला संसारासाठी बरी मजुरी लागते. भातावर भागवणारा चिनी मात्र पडेल त्या पैशात राबतो आणि सगळ्यांचेच दर पाडतो. ताटावरून माणसाची पायरी ठरवण्याची विद्या आपल्याला कुणी शिकवायला नको.

त्या चिन्यांच्या ताटात खरंच काय होतं? कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात मार्केट स्ट्रीटवर त्यांची वस्ती होती. हजारभर माणसं तिथे राहत, आसपासच्या मळ्यांत राबणारेही बाजारहाटाला तिथेच येत. ४ मे १८८७ रोजी कुणीतरी लावलेल्या आगीत ती जळून खाक झाली. पुढे १९८५-८६ मध्ये पुनर्विकासाच्या खोदकामात वस्तीचे कचऱ्याचे खड्डे लागले. घाईत हाती लागलं ते खोक्यांत भरलं गेलं आणि खोकी गोदामात पडून राहिली. २००२ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बार्बरा व्हॉस आणि सहकाऱ्यांनी ती अभ्यासायला घेतली.

त्यांत डुकराची हाडं भरपूर निघाली. गाईबैलांची, कोंबड्या-बदकांचीही निघाली. म्हणजे ‘भातखाऊ’ मंडळी व्यवस्थित मांस खात होती. पण एवढ्यावरच टाळ्या वाजवल्या तर हाडांचं निम्मं बोलणं ऐकायचं राहून जातं. सत्तुराचा घाव आणि करवतीचा काप हाडावर वेगळे ओळखू येतात. सत्तुराने हाड एका बाजूला गुळगुळीत कापलं जातं नि दुसरीकडे फुटतं. करवतीच्या कापावर बारीक समांतर रेघा उमटतात. सत्तूर चिनी खाटकाचा, करवत गोऱ्या खाटकाची, असा ढोबळ हिशेब. त्यावरून करवतीचं हाड दिसलं की ‘हे लोक अमेरिकन होत चालले’ आणि सत्तुराचं दिसलं की ‘परंपरेला चिकटून राहिले’ असे निष्कर्ष बरीच वर्षं निघत. मला हा आळशीपणा वाटतो. करवतीचा काप फार तर मांस कोणत्या दुकानातून आलं ते सांगेल. खाणाऱ्याच्या मनात काय चाललं होतं ते नाही.

खरी गंमत माशांत आहे. खड्ड्यांत कॅलिफोर्नियाचे स्थानिक मासे आहेतच. पण काही हाडं कुठल्याच स्थानिक माशाशी जुळेनात. त्यांतल्या काहींचा डीएनए तपासल्यावर कळलं, की हा चॅना मायक्रोपेल्टिस. आपल्या मरळीचाच मोठा भाऊबंद, पण घर आग्नेय आशियातल्या नद्यांत. सॅन होजेला आलेले बहुतेक चिनी दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगचे आणि हा मासा तर तिथलाही नाही! तेव्हा ‘परदेशात गावच्या चवीची आठवण’ ही लाडकी कथा इथे अपुरी पडते. कुठल्याशा नदीत धरलेला मासा टिकाऊ करून, पॅसिफिक ओलांडून सॅन होजेच्या चुलीपर्यंत पोहोचायचा, तर मधे भांडवल, उधारी आणि जहाजं लागतात. हा पसारा होता हाँगकाँगच्या पेढ्यांचा. चिनी लोक कॅलिफोर्नियाला ‘सोन्याचा डोंगर’ म्हणत आणि या पेढ्याही त्याच नावाने ओळखल्या जात. तांदूळ, चहा, औषधं, सुकी मासळी तिकडे पाठवायची, मजुरांचे पैसे आणि पत्रं घरी पोहोचवायची, असा त्यांचा धंदा. १८८२च्या कायद्याने मजुरांना अडवलं, पण व्यापाऱ्यांना सूट ठेवली होती.

माल उलटही जाई. कॅलिफोर्नियातल्याच माँटेरेच्या किनाऱ्यावर चिनी कोळी रात्री होडीवर जाळ पेटवून त्या उजेडावर येणारं माकूल धरत, वाळवत आणि चीनला धाडत. अ‍ॅबलोनी या समुद्री गोगलगायीचं वाळवलेलं मांसही तसंच जाई.

हाडांना मर्यादा आहेतच. तांदूळ, सोयाबीनचं पनीर, वाळवलेलं माकूल, माशाचं भोत (पोटातली हवेची पिशवी) यांना हाडच नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातूनही मुशीचे पर आणि मोठ्या माशांची भोतं चीनकडे जात. असा बिनहाडाचा माल खड्ड्यात शोधून मिळणार नाही. त्यासाठी पेढ्यांच्या चोपड्या आणि जकातीच्या नोंदीच चाळाव्या लागतील.