भयानक रस आणि खरे भय

भीती कुणालाच नको असते, तरी भयपट पाहायला माणूस तिकीट काढून जातो. हे कोडे सिनेमाहून फार जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ रसांत भयानक हा एक; त्याचा स्थायीभाव भय, वर्ण काळा. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी त्याचे उदाहरण ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातून घेतले: बाणाच्या धाकाने पळणारे, मान वळवून मागे पाहणारे हरीण. त्याचे भय प्रेक्षकाला भिडते. पण तोवर ते त्या एका हरणाचे उरलेले नसते आणि प्रेक्षकाचेही झालेले नसते. म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. स्वतःच्याच सुखदुःखात अडकलेले मन मात्र रसापर्यंत पोचत नाही. त्याला अभिनवगुप्त विघ्न मानतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, भय स्वतःचे नसावे ही अट कसाला लागते. धानकापणी झाली की येथे झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. वडसा हे त्यांचे माहेरघर. मोहफुले वेचायला भल्या पहाटे रानात शिरणाऱ्याला मात्र वाघ खरोखर भेटतो. त्या भयाला येथल्या माणसाने पूजेत जागा दिली. ताडोबाच्या तळ्याकाठी पुजला जाणारा तारू हा, आख्यायिकेप्रमाणे, वाघाशी झुंजताना मेलेला गोंड गावप्रमुख.

भानामतीच्या भयाचे तसे नाही. वाघ डोळ्यांना दिसतो. करणी कुणालाच दिसत नाही, म्हणून तिला शेजाऱ्याचा चेहरा चिकटवला जातो. ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील माणसांना, म्हाताऱ्या बायकांनासुद्धा, भरचौकात बांधून मारले गेले.

करणीचा हा समज भयपटाने जन्माला घातलेला नाही. तो त्याहून कितीतरी जुना आहे. पण ज्या चित्रपटात मांत्रिकाचे निदान अखेरीस खरे निघते, तो पाहताना असा समज बाळगणाऱ्याचे भय स्वतःपासून सुटत नाही. शहरातल्या प्रेक्षकाचा जो रस, तो त्याला पुरावा वाटू शकतो. ‘लपाछपी’ने (2017) वेगळी वाट धरली: उसाच्या फडातले त्यातले भय प्रेक्षकाला स्त्रीभ्रूणहत्येपाशी, म्हणजे माणसांनीच केलेल्या गुन्ह्यापाशी नेऊन सोडते. जादूटोण्याच्या धाकात जगणाऱ्या गावांसाठी हीच वाट योग्य आहे. करणीचा आळ घेऊन कुणाला मारहाण करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.