शेवटच्या कडव्यातलं नाव

वाशीम जिल्ह्यातल्या कामरगावात रात्री भजनाचा किंवा कीर्तनाचा कार्यक्रम झाला, की सकाळी पानटपरीवर पहिला प्रश्न ठरलेला. 'कसा झाला राज्या कार्यक्रम?' विचारणारा बहुतेकदा रात्रीच्या लाइनीवर ओलिताला गेलेला असतो. मोटर सोडून येता येत नाही, म्हणून कार्यक्रम हुकलेला. त्याला 'चांगला झाला' एवढं उत्तर पुरत नाही. सांगणाऱ्याला सगळं सांगावं लागतं. मंडळ कोणत्या गावचं होतं, खंजिरी कोणाच्या हातात होती, पेटीवाला नवा होता की जुनाच, पहिली दोन भजनं कशी थंड गेली आणि तिसऱ्याला गडी कसा तापला, माइक शिट्टी कधी मारू लागला, बायांच्या बाजूनं फर्माइश कशाची आली. ऐकणारा मध्ये मध्ये विचारतो, 'ते म्हणलं का?' नाही म्हटलं असेल, तर दोघंही हळहळतात.

या सांगण्याला आपण कधी कला म्हटलं नाही. पण वाशीम, अकोला, अमरावती या तीन जिल्ह्यांच्या शिवा जिथं जवळ येतात, त्या मुलखात लोकसंगीत टिकलं ते गाणाऱ्यांच्या गळ्यावर जेवढं, तेवढंच या सांगणाऱ्यांच्या जिभेवर. कोणतं मंडळ ऐकण्यासारखं, कोणत्या बुवाचा आवाज बसला, कोणत्या गावी नवा पोरगा तयार होतोय, ही खबर बाजारातून, सोयरिकीतून आणि एसटीतून फिरायची. सुपारी द्यायला येणारा माणूस त्या खबरीवर विसंबून यायचा.

आता खबर फोनवरून फिरते. कार्यक्रम संपायच्या आधीच तो चार गावच्या ग्रुपवर पोचलेला असतो. ओलिताला गेलेला माणूस बांधावर बसून ऐकतो आणि त्याचा हुकलेला कार्यक्रम काही प्रमाणात त्याला मिळतो. ही मोठी गोष्ट आहे आणि ती आधी मोठ्या मनानं मान्य केली पाहिजे. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात महाराष्ट्रभर पोचल्या, त्या कोणत्या कंपनीच्या कॅसेटमुळे नव्हे. लोकांनी मोबाइलवर घेतलेल्या आणि पुढे पाठवलेल्या व्हिडिओंनी त्यांना पोचवलं. दारोदार गाणाऱ्या बाईला हजारोंचा श्रोतृवर्ग मिळाला तो श्रोत्यांकडूनच.

तरीही फोनवर आलेली चाळीस सेकंदं पाहताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. काय राहिलं, ते नीट पाहायला भजनी मंडळाची वही उघडावी लागते.

अशी वही वऱ्हाडातल्या बहुतेक गावांत सापडेल. दोनशे पानी, पुठ्ठ्यावर प्लास्टिकचं कव्हर, कडा तेलकट झालेल्या, काही पानांवर अबीर सांडलेला. दर भजनाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून पुढे एखाद्या जुन्या सिनेमाच्या गाण्याचं किंवा दुसऱ्या भजनाचं नाव. ध्रुपद एकदाच पूर्ण लिहिलेलं, पुढे नुसतं 'ध्रु.' अक्षरं तीन-चार जणांची, कारण वही बापाकडून लेकाकडे आलेली. भजन कितीही लांब असो, शेवटचं कडवं मात्र कोणी गाळलेलं नसतं. कर्त्याचं नाव तिथं असतं.

नामदेव, तुकारामांच्या अभंगांपासून ही रीत आहे. शाहिरांनी ती आणखी पक्की केली. होनाजी बाळा या जोडनावात होनाजी शिलारखाने कवन रचणारे आणि बाळा कारंजकर ते गाणारे. शब्द कोणाचे आणि गळा कोणाचा, दोन्ही एकाच नाममुद्रेत बसवलेले. वामनदादा कर्डकांनी हजारो गीतं लिहिली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेला हा कवी 2004 साली गेला, पण त्यांच्या गाण्याचा शेवट आला की 'वामन' येतो आणि अनोळखी गायकाच्या तोंडूनही कर्ता आपलं नाव सांगून जातो. आमच्या भागात तर 'तुकड्यादास' हे नाव घराघरांत माहीत. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे या मुलाला वरखेडच्या आडकोजी महाराजांकडून तुकड्या हे नाव मिळालं. पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून देशभर मान मिळाला, तरी भजनाच्या शेवटी तेच नाव राहिलं.

छापखाना नव्हता, लेबल नव्हतं, तेव्हा लोकगीतानं आपली ओळख आपल्याच अंगावर गोंदवून घेतली. आणि नेमकं तेच कडवं आज सगळ्यात आधी कापलं जातं.

व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला कित्येक वर्षं तीस सेकंदांची मर्यादा होती. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत कंपनीनं भारतात ती पंधरावर आणली होती. पंधरा सेकंदांत काय बसतं? ध्रुपद, ढोलकीची एक उठाण, फार तर श्रोत्यांतली एक शिट्टी. नाव असतं आठव्या मिनिटाला. रेकॉर्ड करणाऱ्याचा हात तोवर दुखून आलेला असतो आणि फोन केव्हाच खिशात गेलेला असतो. क्लिप मग कामरगावहून कारंज्याला, कारंज्याहून पुण्यात कामाला गेलेल्या पोरांकडे आणि तिथून आणखी कुठं कुठं जाते. तिथला कोणी विचारतो, 'कोन गाऊन राह्यलं हे? कोन्या गावचं हाय?' उत्तर येत नाही. उत्तर येतं ते अंगठ्याचं आणि दोन हात जोडल्याचं चित्र.

श्रोत्यांनी 'कोण गायलं' हे विचारणं ही साधी गोष्ट नाही. 1949 साली 'महल' आला तेव्हा त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव नव्हतं, सिनेमातल्या कामिनी या पात्राचं होतं. ऐकणाऱ्यांनी रेडिओला पत्रांमागून पत्रं पाठवली, तेव्हा कुठं लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं. पुढे रेडिओनं गायक, गीतकार, संगीतकार ही तीन नावं सांगायची शिस्त देशाच्या कानाला लावली. विविध भारती 1957 मध्ये सुरू झाली, आणि फर्माइश पाठवणाऱ्यांची नावं गावासकट वाचली जाऊ लागली. आज झारखंडात असलेलं झुमरी तिलैया हे गाव अख्ख्या देशाला माहीत झालं, ते तिथल्या माणसांनी पोस्टकार्डं लिहिली म्हणून. गाणाऱ्याचं नाव आणि ऐकणाऱ्याचं गाव एकाच दमात घेतलं जायचं.

अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या चाहत्यांनी नाव-गाव टिपायचं हे काम इतक्या निष्ठेनं केलं, की ते आपल्याकडच्या कोणत्याही रसिकाला आवडेल. लोकसंगीत, ब्लूज, कंट्री आणि रॉक यांचं मिश्रण वाजवणारी ही मंडळी. त्यांच्या मैफली श्रोते स्वतः टेप करायचे आणि पोस्टानं एकमेकांना कॅसेटी पाठवायचे. विकायच्या नाहीत, ही अट. ऑक्टोबर 1984 पासून तर टेप करणाऱ्यांना सभागृहात वेगळी जागाच राखून दिली गेली. त्या कॅसेटच्या कागदावर तारीख, गाव, सभागृह आणि गाण्यांचा क्रम बारीक अक्षरांत लिहिलेला असायचा. म्हणूनच 8 मे 1977 ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल आज तारखेनं ओळखली जाते आणि तिच्या ध्वनिमुद्रणाला अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात मानाची जागा मिळाली आहे. ही तारीख राखली ती कागद भरणाऱ्या श्रोत्यांनी.

आपल्याकडे असं घडलं नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. गाडगेबाबांचं उदाहरण कामरगावच्या उंबऱ्यावरचं आहे. बाबांचा जन्म 1876 चा, शेंडगावचा, पण लहानपण शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाकडे गेलं. त्यांनी आयुष्यभर कीर्तन केलं ते लोकांना प्रश्न विचारत, लोकांकडूनच उत्तर काढून घेत. 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत बांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं, ते ध्वनिमुद्रित झालं आणि त्याच वर्षी 20 डिसेंबरला बाबा गेले. ते मुद्रण आधी कॅसेटवर फिरलं, मग मेमरी कार्डात शिरलं, आज प्रत्येकाच्या फोनवर आहे. आवाज खरखरतो. पण ऐकवणारा आधी सांगतो, 'हे बांद्र्याचं, पोलीस ठाण्यातलं, जायच्या आधीचं.' तेवढ्या तीन शब्दसमूहांनी ऐकणारा सरसावून बसतो. खबर आवाजाला चिकटून राहिली, म्हणून सत्तर वर्षांनीही ते कीर्तन कुण्या अनाम म्हाताऱ्याचा आवाज झालं नाही.

मधला मेमरी कार्डाचा काळ या बाबतीत फार नुकसानीचा गेला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं. भीमगीतं, गोंधळ, भजनं, सगळं एकत्र, आणि फाइलीचं नाव म्हणून नुसता आकडा. कॅसेटच्या कव्हरवर निदान गायकाचा फोटो आणि गीतकाराचं नाव असायचं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज ओळखायला नावाची गरज नव्हती, पण त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यांना होती. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, कार्डं ड्रॉवरमध्ये गेली. नावाविना गाणी पुढे ढकलायची सवय मात्र तिथून जी लागली, ती सुटली नाही.

कायदा याबाबत श्रोत्यांच्या पुढे आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली सादरकर्त्यांचे हक्क आले आणि 2012 च्या दुरुस्तीनं आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लावलं जाण्याचा हक्कही मिळाला. खंजिरी वाजवणाऱ्या शेतमजुराला तो माहीत नसतो. त्याला एवढंच कळतं, की आपली क्लिप सगळीकडे फिरली आणि सुपारी घेऊन कोणीच आलं नाही, कारण यावं कुठं हे कोणाला कळलंच नाही. हे दुखणं पोटाचं आहे.

सगळीकडे कर्त्याचं नाव असतंच, असंही नाही. याच वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. 5 ऑक्टोबर 2024 रोजी तिथं बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. होळीच्या दिवसांत तांड्यांवर लेंगी रंगते, बाया-माणसं फेर धरून गातात, तेव्हा कोणी एक कवी शोधून सापडायचा नाही. लेंगी सगळ्या तांड्याची. तिथं नावाची जागा तांडा घेतो. बंजाऱ्यांच्या गोरबोलीतली क्लिप इथून निघते आणि तेलंगण, कर्नाटकातल्या तांड्यांवरही समजते, इतकी ती बोली राज्यांच्या सीमा ओलांडून पसरलेली आहे. तिकडचा माणूस ऐकता ऐकता म्हणतो, आमच्याकडे हिची चाल वेगळी आहे. हा तुलनेचा धागा फार मोलाचा, आणि तो टिकायचा तर तांड्याचं नाव गाण्यासोबत गेलं पाहिजे.

मग करायचं काय? मोठी संस्था लागत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या तेव्हा लाखाच्या वर ओव्या जमल्या. त्यांचं मोल नुसत्या आकड्यात नाही. ओवी कोणत्या बाईनं म्हटली, ती कोणत्या गावची, हे टिपून ठेवलं गेलं. 2017 पासून 'पारी' या ग्रामीण संग्रहानं त्या ओव्या लोकांसमोर आणल्या, तेव्हा गावोगावच्या त्या बायांची नावंही वर आली. आपली आई, आजी कवयित्री होती, हे कित्येक घरांना तेव्हा कळलं असेल.

आपणही तसंच करायचं. फोन वर करताना पहिल्या दोन सेकंदांत मंडळाचं नाव, गाव आणि तारीख बोलायची. लिहायची नाही, बोलायची, म्हणजे ती आवाजातून सहज वेगळी पडत नाही. आणि एखादं तरी भजन शेवटच्या कडव्यापर्यंत धरायचं. बाकीची पंधरा सेकंदांत कापा.

काही गोष्टी कोणत्याही फोनमध्ये येणार नाहीत, आणि तिथं तर सांगणारा माणूसच लागतो. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीला, दिवाळीच्या तोंडावर, लाखोंचा समुदाय जमतो. 11 ऑक्टोबर 1968 रोजी महाराज गेले ती वेळ 4 वाजून 58 मिनिटांची. त्या मिनिटाला सगळा समुदाय मौन होतो. व्हिडिओत ते नुसतं आवाज गेल्यासारखं दिसतं. तिथं उभा राहिलेला माणूस सांगतो, की कोणाच्या तरी हातातली खंजिरी थरथरली तर तिच्या चकत्यांचा आवाज दहा रांगा मागे आला.

कोजागिरी झाली की गावोगाव काकडा बसतो. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे चारला उठायचं, थंड पाण्यानं आंघोळ करायची, देवळात जायचं. गेल्यावर आधी कोपऱ्यात कडब्याचा जाळ करतात आणि त्यावर खंजिरीचं कातडं शेकतात, कारण दवानं ते ढिलं पडलेलं असतं. म्हातारा बोटानं टिचकी मारून पाहतो, पुन्हा शेकतो, पुन्हा पाहतो. त्याच्या शेजारी बसलेला नातू फोन काढतो, तोंडाजवळ नेतो आणि हळू आवाजात गावाचं नाव घेतो. मग फोन समोर धरतो. टिचकी बरोबर बसते, म्हातारा मान हलवतो, आणि भजन सुरू होतं.