मागणी कोणाची होती?

विद्यापीठांतून निघणाऱ्या पत्रकांत ‘विद्यार्थी-कामगार एकजूट’ हे शब्द आज इतक्या सहजतेने येतात की, एखाद्या संपाला पाठिंब्याचा ठराव करावा, कारखान्याच्या फाटकापाशी तासभर उभे राहावे आणि मुक्यांना वाचा दिल्याचे जाहीर करावे, एवढ्यावर ती एकजूट पुरी झाली असे मानले जाते. कामगाराजवळ गाऱ्हाणे असते, पण विचार नसतो आणि तो त्याला शिकलेल्या तरुणाने पुरवायचा असतो, हे या समजुतीतले गृहीतक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील चळवळींचा इतिहास ते खोटे ठरवतो. तरीही त्याच इतिहासाचे दाखले देऊन ते मांडले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

या गृहीतकाची वंशावळ सर्वपरिचित आहे. कामगार स्वतःच्या बळावर फक्त वेतनाच्या आणि सवलतींच्या लढ्यापर्यंत पोहोचतो, समाजवादी जाणीव त्याच्याकडे बाहेरून आणावी लागते, हा सिद्धान्त लेनिनने १९०२ साली मांडला आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी तो निमूटपणे स्वीकारला. मे १९६८ मध्ये पॅरिसचे विद्यार्थी सोर्बोनहून मोर्चा घेऊन बियांकूरच्या रेनो कारखान्याकडे गेले, तेव्हा कम्युनिस्ट वळणाच्या सेजेते या कामगार महासंघाने फाटके बंद ठेवली, आणि तेव्हापासून ती बंद फाटके हाच त्या वर्षाचा सारांश ठरला. सत्तर लाखांहून अधिक कामगारांनी कारखाने आणि कचेऱ्या थांबवल्या होत्या, ग्रेनेल येथील वाटाघाटींत ठरलेली वाढ २७ मे रोजी बियांकूरच्या सभेने अमान्य केली होती, ही माहिती पॅरिसच्या भिंतींवरच्या घोषणांच्या आठवणींखाली दबून गेली. इटलीत पुढच्याच वर्षी फिआटच्या मिराफिओरी कारखान्याबाहेर विद्यार्थी आणि कामगार यांच्या एकत्र सभा भरल्या. त्यातून निर्माण झालेल्या वातावरणाचे सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे धातुकामगारांनी १९७३ च्या करारात मिळवलेली दीडशे तासांची पगारी शिक्षणरजा होय. अर्धवट सुटलेली शाळा हजारो कामगारांनी तिच्या आधारे पुरी केली.

खरे वळण मात्र पोलंडमध्ये आले, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी उलटे सांगितले जाते. प्रचलित कथा अशी की, १९७६ नंतर बुद्धिजीवींनी कामगारांना संघटना आणि स्वातंत्र्य यांचे धडे दिले, कामगार ते शिकले आणि त्यातून १९८० ची ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना जन्मली. या कथेत वर्षांचा क्रमच चुकतो. मार्च १९६८ मध्ये आदाम मिख्निक आणि हेन्रिक श्लायफर या विद्यार्थ्यांना विद्यापीठातून काढून टाकल्याच्या निषेधार्थ वॉर्साचे विद्यार्थी जमले, तेव्हा पक्षाने ‘कामगारांची पथके’ म्हणून बसमधून आणलेल्या माणसांनी त्यांना झोडपले. डिसेंबर १९७० मध्ये अन्नधान्याच्या दरवाढीविरुद्ध ग्दान्स्कचे गोदी कामगार रस्त्यावर आले आणि तंत्रविद्यापीठाच्या दाराशी जाऊन त्यांनी विद्यार्थ्यांना साद घातली. विद्यार्थी बाहेर आले नाहीत. पुढील काही दिवसांत किनाऱ्यावरील शहरांत गोळीबार होऊन चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. दोन्ही वर्ग एकेकदा एकटे पडले होते आणि दोघांनाही ते ठाऊक होते.

परंतु त्याच डिसेंबरमध्ये श्चेत्सिनच्या गोदी कामगारांनी काय केले, हे पाहिल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. त्यांनी कारखान्यातच ठाण मांडले, शहरातील इतर कारखान्यांना जोडणारी संयुक्त संपसमिती उभारली आणि मागण्यांच्या यादीत पक्षापासून स्वतंत्र अशा कामगार संघटनेची मागणी घातली. रस्त्यावर गेल्यास गोळ्या झेलाव्या लागतात, म्हणून आवार सोडायचे नाही. एकेका कारखान्याशी वेगळी तडजोड झाल्यास सारे फुटतात, म्हणून सर्वांची समिती एक ठेवायची. आणि सरकारी संघटना तक्रार दडपते, म्हणून आपली संघटना हवी: हे निष्कर्ष कोणत्याही पुस्तकातून आलेले नव्हते. १९८० च्या संपाचे जवळजवळ सगळे शस्त्रागार दहा वर्षे आधी, कोणी बुद्धिजीवी शेजारी नसताना, कामगारांनी घडवले होते.

मग २३ सप्टेंबर १९७६ रोजी स्थापन झालेल्या ‘कोर’ या कामगार संरक्षण समितीचे श्रेय कोणते? ते मोठे आहे, पण वेगळ्या जातीचे आहे. त्या जूनमध्ये राडोम आणि उर्सुस येथे दरवाढीविरुद्ध उठलेल्या कामगारांना मारहाण, खटले आणि बडतर्फी सोसावी लागली, तेव्हा वॉर्साचे तरुण कामगारांना शिकवण्यासाठी गेले नाहीत. ते न्यायालयांत बसले, कुटुंबांचे पत्ते जमवले, वकील आणि पैसा पुरवला आणि समितीच्या सभासदांनी आपली नावे व पत्ते उघड छापले. १९७७ पासून निघणारे ‘रोबोत्निक’ हे भूमिगत पत्र कारखान्यांतील बातम्या कारखान्यांपर्यंत पोहोचवी. १९८० च्या उन्हाळ्यात समितीचे सभासद यात्सेक कुरोन यांच्या घरचा दूरध्वनी संपांच्या बातम्यांचे केंद्र बनला. ग्दान्स्कमधील संपाची आखणी करणारा बोग्दान बोरुसेविच इतिहासाचा पदवीधर होता, हेही विसरता येत नाही. तरीही शिकलेल्यांनी कामगारांच्या वतीने बोलणे थांबवले आणि एका कारखान्याचे बोलणे दुसऱ्या कारखान्यात ऐकू जाईल अशी व्यवस्था केली, हाच तो बदल होय.

मागणी कामगारांचीच होती, याचा निर्णायक पुरावा ऑगस्ट १९८० च्या घटनाक्रमातच आहे. १६ ऑगस्टला ग्दान्स्कच्या गोदीपुरती तडजोड होऊन संप संपत आला होता. आन्ना वालेंतिनोविच, आलिना पिएन्कोव्स्का आणि हेन्रिका क्शिवोनोस या स्त्रियांनी बाहेर पडणाऱ्या कामगारांना थोपवले. संप चालू राहिला, आणि त्याच्या एकवीस मागण्यांत पहिली मागणी स्वतंत्र संघटनेची होती. नंतर तादेउश माझोविएत्स्की, ब्रोनिस्वाव गेरेमेक आणि इतर तज्ज्ञ वॉर्साहून सल्ला देण्यासाठी आले, तेव्हा जुन्या संघटनांच्या सुधारणेवर समाधान मानण्याचा पर्याय तज्ज्ञांमध्येच चर्चिला गेला आणि कामगार प्रतिनिधी मात्र पहिल्या मागणीवरून हटले नाहीत. सत्ता अशी संघटना मान्य करील यावर आपलाही विश्वास नव्हता, हे कुरोन यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. चौथ्या मागणीत १९७० व १९७६ च्या संपांनंतर कामावरून काढलेल्यांबरोबरच मतांसाठी विद्यापीठांतून काढलेल्या विद्यार्थ्यांनाही परत घ्यावे असे म्हटले होते. ज्या शहरातील कामगारांची साद १९७० मध्ये अनुत्तरित राहिली, त्याच शहरातील कामगारांनी ही ओळ लिहिली.

हा क्रम उलटा वाचण्याची किंमत कामगारांनी मोजली. विचार बुद्धिजीवींचा आणि बळ कामगारांचे, असे एकदा ठरले की विजयानंतर विचार करण्याचा अधिकारही पहिल्यांकडेच राहतो. १९८९ मध्ये माझोविएत्स्की पंतप्रधान झाले. जानेवारी १९९० पासून लागू झालेल्या कठोर आर्थिक कार्यक्रमावर संघटनेच्या सभासदांचे मत घेतले गेले नाही, आणि १९९६ साली ग्दान्स्कची गोदीच दिवाळखोर जाहीर झाली. श्रममंत्री म्हणून त्या कार्यक्रमाला साथ देणाऱ्या कुरोन यांनी उत्तरायुष्यात त्या धोरणावर उघड टीका केली. ती टीका कार्यक्रम आखण्यापूर्वी, श्चेत्सिन आणि ग्दान्स्कच्या कामगारांना विचारून, ऐकता आली असती.