स्मरण कोणाचे?

आपल्या घरांच्या दर्शनी खोलीत बहुधा एक काचेचे कपाट असते. त्यात काय ठेवावे याचा नियम कोणी घालून दिलेला नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या त्यात ठरावीक वस्तू दिसत आल्या आहेत. वेळांकण्णीहून आणलेली मातेची मूर्ती, प्रथम ख्रिस्तशरीराच्या दिवसाची मेणबत्ती, आजी-आजोबांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाचा फोटो, मुलाने शाळेत मिळवलेली ढाल. हे कपाट म्हणजे घराची स्मृती होय. ज्यांना आपण विसरू नये असे त्या कुटुंबाला वाटते, त्यांना तेथे जागा मिळते.

अलीकडे या कपाटात एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. तो विज्ञानपटातील खलनायक आहे. कोठे काळाभोर चकाकणारा मुखवटा, कोठे सोनेरी भरतकामाच्या कोटातील छोटा पुतळा, कोठे मुलाने पुठ्ठा, फोम आणि फेविकॉल घेऊन रात्री जागून तयार केलेली तलवार. आईवडिलांना ते खटकते. ‘वेदीच्या शेजारी हा दुष्ट कशाला?’ असे ते विचारतात. ‘ही नुसती गंमत आहे,’ असे मुले सांगतात. आम्हांस ही दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. वस्तू काळी आहे म्हणून ती पापमय ठरत नाही, आणि जी वस्तू करण्यासाठी माणूस झोप मोडतो ती नुसती गंमतही नसते. म्हणून हा प्रश्न थोडा शांतपणे तपासून पाहावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम या छंदाची ओळख करून घेऊ. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्यातील डार्थ व्हेडर हा काळ्या वेषातील खलनायक जगभर पोहोचला. त्या वर्षीच्या नाताळात खेळण्यांना एवढी मागणी आली की केनर या कंपनीची खेळणी वेळेत तयारच होऊ शकली नाहीत. तेव्हा कंपनीने खेळणी मागाहून पाठवण्याचे वचनपत्र पाकिटात घालून विकले, आणि लोकांनी ते विकत घेतले. पुढे १९९७ साली अमेरिकेतच ‘फाइव्ह हंड्रेड फर्स्ट लीजन’ नावाचा हौशी लोकांचा संघ स्थापन झाला. त्याचे सभासद या चित्रपटांतील दुष्टांचे वेष अत्यंत बारकाईने स्वतः घडवतात आणि ते अंगावर चढवून रुग्णालयातील मुलांना भेटतात, धर्मादाय कार्यासाठी निधी जमवतात. या छंदाला दोष देण्यापूर्वी ही बाजू मान्य करणे न्यायाचे होईल.

आपल्याकडे हे स्थान मोगँबोने मिळवले. १९८७ सालच्या ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटात अमरीश पुरी यांनी तो उभा केला. अमरीश पुरी २००५ साली निवर्तले, परंतु मोगँबो लग्नाच्या मांडवांत, शाळेच्या स्नेहसंमेलनांत आणि मुलांच्या वेषभूषा स्पर्धांत आजही हिंडतो. त्याचा तो भव्य पोशाख शिवणारे माधव अगस्ती हे मूळचे नागपूरचे शिंपी. विदर्भातील एका कारागिराच्या सुईदोऱ्याने भारताचा सर्वांत लाडका दुष्ट सजवला. त्यात अगस्तींचा काही अपराध नाही. त्यांनी आपले काम उत्तम केले. परंतु उत्तम कामाने आपल्या मनात काय रुजते, हा प्रश्न उरतोच.

पडद्यावरील व्यक्तीची आवड डोळ्यांत राहत नाही, ती हातांत उतरते. याची साक्ष विदर्भातच आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथे वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका तरुणाने मोटारीचे इंजिन बसवून एकट्याने उडवायचे हेलिकॉप्टर तयार केले. ‘थ्री इडियट्स’ या २००९ सालच्या चित्रपटातील कल्पक विद्यार्थ्यापासून त्याने प्रेरणा घेतली होती, असे वृत्तपत्रांनी लिहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पाते तुटले आणि त्या पात्याच्या आघाताने तो मरण पावला. त्याचा आदर्श खलनायक नव्हता, सज्जन होता. त्याचे स्वप्नही उदात्त होते. त्याच्या आठवणीपुढे आम्ही आदराने मस्तक लववतो. त्याची कथा येथे सांगण्याचे कारण एवढेच की, एका लहान गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात चित्रपटातील एका पात्राने लोखंडाला आकार दिला. माणूस ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्यासारखे काही घडवू पाहतो. निर्मात्याने आपल्याला आपल्या प्रतिमेत घडवले, म्हणून घडवण्याची ही ओढ आपल्यात आहे आणि ती पवित्र आहे. ही ओढ एवढी बलवान असल्यामुळेच तिच्यापुढे कोणता नमुना ठेवावा, याचा विचार करावा लागतो.

मग खलनायकच नमुना म्हणून का निवडला जातो? त्याच्यापाशी वेष आहे, आवाज आहे, सिंहासन आहे. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात दोन ध्वजांचे चिंतन दिले आहे. तेथे ल्युसिफर बाबेलच्या मैदानात अग्नी आणि धूर यांच्या उंच आसनावर बसलेला आहे. प्रभू ख्रिस्त मात्र यरुशलेमजवळच्या मैदानात साध्या, सखल जागी उभा आहे. देखाव्याचा सारा थाट शत्रूकडे आहे. आजचा कोणताही चित्रपट दिग्दर्शक हे चिंतन वाचून चकित होईल, कारण खलनायकाला उंचावर बसवून धुराचे लोट सोडण्याची युक्ती त्याला आपलीच वाटत असते.

संत ऑगस्टीन यांनी त्यामागचे कारण सांगून ठेवले आहे. दुष्टतेला स्वतःचे असे अस्तित्व नाही, ती चांगुलपणाचा अभाव आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जे मुळात पोकळ असते, त्याला उभे राहण्यासाठी उसना साज लागतो. डार्थ व्हेडरचेच पाहा. अंगात वेष चढवून चालणारा नट एक, आवाज देणारा दुसरा, आणि १९८३ सालच्या चित्रपटात मुखवटा काढल्यावर दिसणारा चेहरा तिसऱ्याचा. एक दुष्ट उभा करण्यासाठी तीन माणसे खर्ची पडली.

आता कोणी म्हणेल, दुष्टाची प्रतिमा घडवणे आपल्या समाजाला नवे नाही. ते खरे आहे. मुंबईत वांद्र्यासारख्या आपल्या जुन्या वस्त्यांत ३१ डिसेंबरच्या रात्री जुन्या वर्षाचा ‘म्हातारा’ जाळतात. पेंढा, फाटके कपडे, जुनी टोपी गोळा करून मुलेच तो तयार करतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगाव नरकासुराचे अवाढव्य पुतळे उभे राहतात, त्यांच्या स्पर्धा होतात आणि पहाटे ते जाळले जातात. या दोन्ही प्रथांत कलाकुसर आहे, वर्गणी आहे, हौस आहे. पण शेवट ठरलेला आहे. पुतळा राखेसाठीच जन्मतो. आजचा छंद येथे वेगळा पडतो. तो दुष्टाला जाळण्यासाठी घडवत नाही, जपण्यासाठी घडवतो, आणि त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून काच लावतो.

तरी जपण्यासाठी घडवलेले दुष्टही आपल्या मंदिरांत आहेत. संत मायकल महादूताच्या पायाखाली सैतान असतो. युरोपातील जुन्या कॅथेड्रलांच्या छतांवर दगडी राक्षस आहेत आणि त्यांच्या तोंडांतून पावसाचे पाणी बाहेर पडते. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील एपिस्कोपल पंथाच्या राष्ट्रीय कॅथेड्रलवर तर डार्थ व्हेडरचाच दगडी मुखवटा आहे. १९८०च्या दशकात मुलांसाठी शिल्पकल्पनांची स्पर्धा झाली; त्यात एका मुलाने काढलेले व्हेडरचे चित्र निवडले गेले आणि वायव्येकडील मनोऱ्यावर ते कोरण्यात आले. ते इतके उंच आहे की पाहण्यासाठी दुर्बीण लागते. विज्ञानपटाच्या खलनायकाला देवमंदिरात जागा मिळाली खरी, पण ती वेदीजवळ नव्हे. बाहेर, पावसात, पाणी झटकण्याच्या कामावर. आपल्याकडेही गोठ्याच्या देखाव्यात कोणी हेरोदाचा वाडा केला, तर तो दूरच्या टेकडीवर ठेवतात. गव्हाणीत त्याला कोणी ठेवत नाही.

ही जागेची शिस्त आम्हांस मोलाची वाटते. ७८७ साली निकेआ येथील दुसऱ्या विश्वसभेने पवित्र प्रतिमांचा प्रश्न सोडवला, तेव्हा प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची प्रतिमा आहे त्याच्याकडे जातो, हे तत्त्व मान्य केले. मातेच्या मूर्तीपुढे आपण गुडघे टेकतो, तेव्हा मान लाकडाला मिळत नाही, मातेला मिळतो. हेच तत्त्व कपाटातील खलनायकाला लावून पाहावे. तेथे कौतुकाने पाहणाऱ्याचा मान कोठे पोहोचतो? कारागिराच्या कसबाकडे, की धाकाने जग वाकवणाऱ्या सत्तेकडे? हे त्या घरच्या माणसांनीच प्रामाणिकपणे ठरवावे. बाहेरून त्याचा न्याय करता येणार नाही.

मात्र एक कसोटी सर्वांना वापरता येईल. ‘मिस्टर इंडिया’ पाहिलेल्या कोणालाही मोगँबोचे वाक्य विचारा, तो आवाज काढून म्हणून दाखवील. त्याच चित्रपटात टीना नावाची एक चिमुकली अनाथ मुलगी आहे. मोगँबोच्या माणसांनी पेरलेल्या बाँबस्फोटात ती मरते. तिचे नाव किती जणांना आठवते? मोगँबोचा पुतळा पुष्कळांनी केला असेल. टीनाची बाहुली कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. स्मृतिचिन्ह घडवताना आपण मारणाऱ्याला स्मरतो आणि मेलेल्याला विसरतो, हा या छंदाचा खरा धोका आहे.

ख्रिस्तसभेची रीत याच्या नेमकी उलट आहे. हेरोदाने बेथलेहेमातील बालकांची कत्तल केली. ख्रिस्तसभा दरवर्षी २८ डिसेंबरला त्या प्रसंगाचे स्मरण करते. पण तो सण हेरोदाच्या नावाने नाही, निष्पाप बालकांच्या नावाने आहे. विश्वासाच्या अंगीकारात आपण दर रविवारी पिलाताचे नाव घेतो. तेही प्रभूने कोणाच्या कारकिर्दीत दुःख सोसले हे सांगण्यापुरते. छळाची हत्यारेसुद्धा ख्रिस्तसभेने जपली आहेत. काट्यांचा मुकुट राजा नववा लुई याने १२३९ साली फ्रान्समध्ये आणला; २०१९ साली पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली तेव्हा तो वाचवण्यात आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेथे परत नेण्यात आला. तो मुकुट सैनिकांनी थट्टेसाठी विणला होता. विणणाऱ्यांची आठवण म्हणून तो कोणी जपलेला नाही. ज्याच्या मस्तकावर तो दाबला गेला, त्याची आठवण म्हणून जपला आहे. तीच वस्तू, तेच काटे. स्मरणाची बाजू मात्र बदलली.

ही बाजू चुकली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या राज्यात घडले आहे. २००६ साली नवी मुंबईत खारघर येथे हिटलरचे नाव दिलेले एक उपाहारगृह निघाले. लक्ष वेधण्याची ती युक्ती होती. मुंबईच्या यहुदी समाजाने निषेध केला आणि नाव बदलावे लागले. ज्या कोकणात बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत, घाण्यावर तेल गाळत आपल्या शेजारी राहिला, त्या भूमीत हे घडावे, याचे दुःख वाटते. हिटलर हा कल्पित खलनायक नव्हता. परंतु दुष्टाचा दिमाख तेवढा पाहायचा आणि त्याच्या बळींकडे पाठ फिरवायची, ही सवय मनाला एकदा जडली की कल्पित आणि खरे यांतील कुंपण फार उंच राहत नाही.

तेव्हा आईवडिलांनी मुलाचा मुखवटा फेकून द्यावा काय? आम्ही तसे म्हणणार नाही. त्याचे कसब पाहावे, त्याचे कौतुक करावे आणि मग त्याला त्या पात्राची पूर्ण कथा सांगायला लावावी. त्याने कोणाला दुखावले, कोणाला मारले, त्या माणसांची नावे काय, हे विचारावे. मुखवट्याशेजारी एखादी छोटी टीनाही घडवायला सांगावी. ज्या हातांना दुष्टाची तलवार जमते, त्यांना अनाथ मुलीची बाहुली सहज जमेल.

आणि डार्थ व्हेडरच्या बाबतीत तर पूर्ण कथा हीच उत्तम शिकवण आहे. १९८३ सालच्या चित्रपटाच्या शेवटी तो सम्राटाच्या हातून आपल्या मुलाला वाचवतो आणि मरताना मुलालाच मुखवटा काढायला सांगतो. आत एक थकलेला, फिकट, म्हातारा चेहरा असतो. मुलाने बापातला चांगुलपणा सोडून दिला नव्हता, म्हणून तो चेहरा उजेडात आला. बाजार मुखवटा विकतो, कारण गिऱ्हाइकाला तोच हवा असतो. ज्या घरात तो मुखवटा ठेवला असेल, तेथे त्याच्या आतल्या चेहऱ्याची गोष्टही मुलांना सांगितली जावी.