नाव एकच, हिशेब ज्याचा त्याचा

गेल्या महिन्यात एका शब्बाथला तेफिला आटोपल्यावर आमचे एक जुने स्नेही भेटले. मुंबईस असताना रेल्वेच्या वर्कशॉपात होते, इथे आल्यावर एका कारखान्यात नोकरी केली आणि आता निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या घरी पेसाहनंतर पाळणा हलणार आहे. मुलगा झाल्यास त्याला आपल्या वडिलांचे, म्हणजे बाळाच्या पणजोबांचे, येहेज्केल हे नाव ठेवावे अशी त्यांची इच्छा. मुलगा मात्र तयार नाही. तो म्हणतो, नाव जुनाट आहे. आम्ही काहीतरी लहानसे, नव्या वळणाचे नाव ठेवू.

स्नेही आम्हाला म्हणाले, "भाऊ, तुम्ही लिहिता ना? मग या नावाची किती मोठी माणसं झाली त्याची एक यादीच छापा. ती वाचून तरी पोराचं डोकं ठिकाणावर येईल."

स्नेह्यांचा शब्द मोडवेना. आम्ही यादी करायला बसलो. ती करता करता आमच्याच मनात जो गोंधळ उडाला, तो वाचकांपुढे ठेवत आहोत.

यादीचा आरंभ अर्थातच नवी येहेज्केल यांच्यापासून. यरुशलेमचे पहिले मंदिर पडण्याच्या सुमारास बाबेलच्या बंदिवासात गेलेल्या लोकांमध्ये हे नवी होते. देव बळ देतो, असा या नावाचा अर्थ. इराकमध्ये हिल्ला शहराच्या दक्षिणेस अल-किफ्ल या गावी त्यांची कबर दाखवतात. बगदादचे यहुदी शेकडो वर्षे तिथे यात्रेला जात असत.

त्यानंतर प्राग शहरचे रब्बी येहेज्केल लांडाऊ (१७१३–१७९३). आपल्या काळातले धर्मशास्त्राचे फार मोठे अधिकारी म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. बगदादेत हेच नाव एस्केल झाले. सर सासून एस्केल हे इराकचे पहिले अर्थमंत्री. तेलाच्या कंपनीशी करार होताना इराकला मिळणारी रक्कम सोन्याच्या भावाने मिळावी असा आग्रह त्यांनी धरला आणि तो मान्य करून घेतला. १९३२ साली ते वारले.

आता आपल्या कोकणाकडे वळू. कोकणात आपल्या वाडवडिलांनी हे नाव आपल्या जिभेला जुळवून घेतले व त्याचे हसाजी केले. जसा शमुवेलचा समाजी झाला, इसहाकचा इसाजी आणि बिन्यामीनचा बुनाजी, तसाच येहेज्केलचा हसाजी. १७९६ साली मुंबईत आपल्या समाजाची पहिली मशीद ज्यांनी बांधली ते समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझिकेल दिवेकर. पेशाने ते इंग्रज कंपनीच्या फौजेतले अंमलदार.

पुढच्या शतकात जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) झाले. ते मुंबईच्या डेव्हिड सासून शाळेचे मुख्याध्यापक होते. हिब्रू प्रार्थना त्यांनी मराठीत आणल्या. ज्यांना हिब्रू वाचता येत होते पण अर्थ कळत नव्हता, अशा आपल्या आजीआजोबांना आपण देवापाशी काय बोलतो हे या माणसामुळे समजले.

आणि आपल्या काळातले कवी निस्सिम एझिकेल. जन्म मुंबईचा, १९२४ सालचा. त्यांनी इंग्रजीत कविता लिहिली, मुंबईत प्राध्यापकी केली आणि इंदिरा संतांच्या मराठी कवितांचा इंग्रजी अनुवाद करण्यातही त्यांचा हात होता. १९८३ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला व १९८८ साली पद्मश्री. समाजातले बहुतेक लोक देश सोडून निघाले तरी ते मुंबईतच राहिले. अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाने त्यांना गाठले आणि २००४ साली ते वारले.

नवी, रब्बी, मंत्री, शिपाई, शिक्षक, कवी. यादी झकास झाली होती. आता ती स्नेह्यांच्या हाती द्यावी आणि मोकळे व्हावे, इतक्यात आणखी एक नाव पुढे आले आणि आमची लेखणी थांबली.

कवी निस्सिम एझिकेल यांच्या वडिलांचे नाव मोझेस एझिकेल. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. झाडापानांत रमलेला एक विद्वान माणूस. याच नावाचे, अगदी अक्षर न अक्षर तेच नाव असलेले, दुसरे एक गृहस्थ अमेरिकेत होऊन गेले. शिल्पकार मोझेस एझिकेल यांचा जन्म १८४४ साली व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. दोघांचे एकमेकांशी नाते काही नाही. नाव तेवढे एक.

हे शिल्पकार मोठ्या योग्यतेचे होते. रोम शहरी त्यांची कार्यशाळा होती. धर्मस्वातंत्र्य या विषयावरचे त्यांचे संगमरवरी शिल्प १८७६ सालापासून फिलाडेल्फिया शहरात आहे. कोणाही यहुद्याला अभिमान वाटावा असे ते काम. परंतु हेच गृहस्थ तरुणपणी, १८६४ साली, लष्करी शाळेचे विद्यार्थी असताना न्यू मार्केटच्या लढाईत लढले, आणि लढले ते दक्षिणेच्या बाजूने. गुलामगिरी टिकावी म्हणून अमेरिकेतून फुटून निघालेल्या राज्यांची ती बाजू. पुढे जन्मभर त्यांनी त्या बाजूची आठवण उराशी धरली. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन लष्करी दफनभूमीत त्या राज्यांच्या सैनिकांचे एक भव्य स्मारक त्यांनी घडवले. १९१४ साली त्याचे अनावरण झाले. त्यात एक काळी गुलाम बाई मालकाचे मूल हाती घेऊन उभी आहे आणि एक काळा गुलाम मालकाच्या मागोमाग लढाईला निघाला आहे. जणू गुलामगिरी म्हणजे घरोब्याचे, मायेचे नातेच होते. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने ते स्मारक तिथून हलवले.

वाचकहो, जरा विचार करा. या माणसाचे नाव मोशे. मिसर देशातून गुलामांना सोडवून आणणाऱ्या मोशेचे. पेसाहच्या रात्री आपण सारे घरी बसून आम्हीही गुलाम होतो याची आठवण करतो. आणि ते नाव ज्याने धारण केले, त्याने आपली कला कोणत्या कामी लावली?

आता आमच्यापुढे प्रश्न पडला. हे नाव यादीत घालायचे की गाळायचे? गाळावे तर आम्ही लबाड ठरतो. जे गोड तेवढे आपले आणि कडू ते परक्याचे, असा तो हिशेब होईल. कवीच्या पुरस्कारात एझिकेल नावाच्या प्रत्येकाचा वाटा असेल, तर शिल्पकाराच्या दोषातही प्रत्येकाचा वाटा यायला हवा. आणि तो दोष जर विल्सन कॉलेजच्या त्या प्राध्यापकांना लागत नसेल, जो अर्थातच लागत नाही, तर मग अर्थमंत्र्यांच्या शहाणपणाचा मान तरी आमच्या स्नेह्यांच्या नातवाला कोणत्या हक्काने मिळावा?

कोणी म्हणेल, एवढे काटेकोर कशाला? नावाचा थोडा अभिमान बाळगला तर कोणाचे काय बिघडते? एरवी आम्हीही हेच म्हटले असते. पण आपल्या समाजाला नावाने काय काय दाखवले आहे ते आठवून पाहावे.

समाजी हसाजींचीच गोष्ट घ्या. परंपरा अशी सांगते की म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. कैद्यांची जातपात विचारली गेली तेव्हा त्यांनी आपण बेने इस्राएल असल्याचे सांगितले. टिपूच्या आईने हे नाव कुराणात ऐकले होते. त्या नावाचे लोक प्रत्यक्षात पाहून तिला नवल वाटले आणि तिच्या शब्दामुळे त्यांचा जीव वाचला. सुटकेनंतर उपकार स्मरून त्यांनी मशीद बांधली. म्हणजे एका नावाने माणसाला मरणाच्या दारातून परत आणले.

त्याच नावाने पुढे काय झाले? १९६२ साली इथल्या मुख्य रब्बीनातने लग्नाच्या बाबतीत जे नियम काढले त्यांत बेने इस्राएल समाजाचा नावानिशी उल्लेख होता. आपल्या समाजातल्या मुलाने वा मुलीने समाजाबाहेरच्या यहुद्याशी लग्न करायचे म्हटले तर आईबाप, आजीआजोबा आणि त्यांच्याही मागच्यांची चौकशी. माणूस कसा आहे, शब्बाथ पाळतो की नाही, हे कोणी विचारत नव्हते. नाव ऐकले की पुरे. १९६४ साली आपली माणसे, त्यांत म्हातारीकोतारी आणि लेकुरवाळ्या बायासुद्धा, यरुशलेमला जाऊन निदर्शनांना बसली. त्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव करून सांगितले की बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदी आहेत. त्यानंतर नियमांतून समाजाचे नाव काढण्यात आले.

तेव्हा आपले म्हणणे काय होते? हेच की माणसाला त्याच्या नावावरून तोलू नका. हे म्हणणे जर न्यायाचे होते, आणि ते होतेच, तर ते दोन्ही बाजूंनी पाळले पाहिजे. नावावरून अपमान करणे जसे चूक, तसे नावावरून मान मागणेही चूक. एका हाताने एक माप आणि दुसऱ्या हाताने दुसरे, असे करता येणार नाही.

गंमत अशी की या प्रश्नाचा निकाल ज्यांच्यापासून हे नाव सुरू झाले त्यांनीच देऊन ठेवला आहे. नवी येहेज्केल यांच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय काढून पाहावा. त्यांच्या काळी लोकांत एक म्हण चालू होती: आंबट खावे बापाने आणि दात आंबावेत मुलाचे, अशा अर्थाची. बंदिवासात पडलेले लोक ती म्हणत आणि आपल्या दैवाचा दोष वाडवडिलांवर ढकलून स्वस्थ बसत. नवींनी ही म्हणच बंद करायला सांगितले. त्यांनी तीन पिढ्यांचा दाखला दिला. बाप नीतिमान, त्याचा मुलगा दुष्ट आणि त्या दुष्टाचा मुलगा पुन्हा नीतिमान. बापाचे पुण्य दुष्ट मुलाला वाचवीत नाही आणि दुष्ट बापाचे पाप चांगल्या मुलाला चिकटत नाही. हिशेब ज्याचा त्याचा. जिथे सख्ख्या बापाचे पुण्य मुलाच्या खात्यात जमा होत नाही, तिथे केवळ नावबंधूचे कसे होणार?

मग नाव ठेवायचेच कशाला, असे स्नेह्यांचे चिरंजीव विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. आम्ही बराच विचार केला आणि आम्हाला असे वाटते की वाडवडिलांचे नाव हे प्रशस्तिपत्रक नव्हे. ती एक आठवण आहे. मूल मोठे होते आणि एक दिवस विचारते, "हे नाव मला का ठेवलं? तो कोण होता?" तेवढ्यासाठीच ते नाव असते. त्या प्रश्नाला खरे उत्तर देणारे कोणी घरात असले तर नाव जिवंत. नसले तर ते नुसते जुनाट अक्षर, आणि मग पोराला ते नको वाटले तर त्यात त्याचा काय दोष?

यादी घेऊन आम्ही स्नेह्यांच्या घरी गेलो. त्यांनी ती आनंदाने वाचली. शिल्पकाराच्या नावापाशी आल्यावर म्हणाले, "हा कशाला घातलात?" आम्ही त्यांना वर लिहिलेले सारे सांगितले आणि मग विचारले, "हे सगळे राहू द्या. तुमचे वडील कसे होते?"

ते जरा वेळ गप्प राहिले. मग सांगू लागले. वडील एका गिरणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. पगार बेताचा. चाळीत शेजारी एक कुटुंब होते, आपल्या समाजाचे नव्हे. घरचा कर्ता माणूस अचानक वारला. त्याच्या दोन मुलांच्या शाळेची फी वडील दर महिन्याला भरत. घरात फक्त आईला ठाऊक होते. वडील गेले तेव्हा ती दोन मुले, आता मोठी झालेली, दफनाला आली आणि ढसाढसा रडली. तेव्हा सर्वांना कळले.

आम्ही विचारले, "ही हकिकत मुलाला सांगितली का?"

"नाही हो. तो इथेच जन्मला. इथल्या धावपळीत कधी विषयच निघाला नाही."

वाचकहो, आमच्या मते सारा घोटाळा इथे आहे. घरच्या येहेज्केलची गोष्ट सांगायची राहून गेली म्हणून आपल्याला परक्या येहेज्केलांची यादी लागते. बगदादचा मंत्री आणि प्रागचा रब्बी त्या मुलाचे कोणी नव्हेत. तो कंपाउंडर मात्र त्याचा सख्खा आजोबा. त्याच्याही पुण्याचा वाटा नातवाला किंवा पणतवाला फुकट मिळणार नाही, हे नवींनी सांगितलेच आहे. पण तसे वागावेसे वाटण्यासाठी आधी ती गोष्ट कानी तर पडायला हवी.

आमच्या स्नेह्यांनी यादी घडी करून खिशात ठेवली. शुक्रवारी मुलगा व सून जेवायला येणार आहेत, तेव्हा आधी वडिलांची गोष्ट सांगेन, असे म्हणाले. नाव कोणते ठेवायचे ते आईबाप ठरवतील, तो त्यांचा अधिकार आहे. आम्ही एवढेच सुचवतो की ज्यांच्या ज्यांच्या घरी वाडवडिलांचे नाव पुढे चालावे अशी हौस आहे, त्यांनी आधी त्या वाडवडिलांची गोष्ट पुढे चालवावी. मराठीत सांगता आली तर उत्तमच. नाही तर हिब्रूत सांगा, पण खरी सांगा, आणि बरेवाईट दोन्ही सांगा.

जन्माला येणाऱ्या बाळाला, मग त्याचे नाव काहीही असो, देव दीर्घायुष्य व सद्बुद्धी देवो.