नायक कोण ठरवतो?

लखनौच्या पूर्वेला, फैजाबादच्या वाटेवर चिनहट आहे. ३० जून १८५७ रोजी इथे सर हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेची दाणादाण उडाली. उपाशीपोटी, जूनच्या उन्हात चालून आलेली गोरी पलटण इस्माइलगंजातून होणाऱ्या माऱ्यात सापडली. हत्तीने ओढून आणलेली आठ इंची तोफ मागे टाकून लॉरेन्सना लखनौतील इंग्रजांचे ठाणे असलेली रेसिडेन्सी गाठावी लागली. समोरच्या बंडखोर शिपायांचे नेतृत्व बरकत अहमद करत होते. कंपनीच्या फौजेत हिंदी शिपायाची धाव पायदळात सुभेदारापर्यंत, घोडदळात रिसालदारापर्यंत. तेही केस पिकल्यावर. कोवळा इंग्रज अधिकारीसुद्धा त्याच्या वरचा. चिनहटला मात्र शिपायांनी ज्याला मानले, तो सेनानी ठरला.

विजयानंतरही शिपायांनी नायक निवडण्याचा हा हक्क सोडला नाही. ५ जुलैला बिरजीस कद्र या अल्पवयीन राजपुत्राला अवधच्या गादीवर बसवताना सैन्याने अटी घातल्या: दिल्लीचा हुकूम मानायचा, वजीर सैन्याच्या पसंतीचा असेल आणि पलटणींवर अधिकारी नेमताना सैन्याची संमती घ्यायची.

नायक अनुयायांनी निवडायचा, ही रीत कझाकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवली. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ मुलखात झापोरोझियाचे कझाक सभा भरवून आपला ‘आतामान’ निवडत. निवड झालेल्याने आधी नकार द्यायचा, मग आग्रहाखातर दंड हाती घ्यायचा. तेव्हा वृद्ध कझाक त्याच्या डोक्यावर चिखल ठेवत, पद डोक्यात जाऊ नये म्हणून! मोहिमेवर त्याचा शब्द अखेरचा. मोहीम संपली की सभेपुढे जाब. त्याच मुलखात १६४८ मध्ये बोहदान ख्मेलनित्स्की ‘हेतमान’, म्हणजे सर्वोच्च नायक, झाले, तेही कझाकांच्या निवडीने.

रशियाच्या झारशाहीला हे मानवणे शक्य नव्हते. कॅथरीन दुसरी हिने १७६४ मध्ये हेतमानपद मोडले आणि १७७५ मध्ये झापोरोझियाचा तळ उद्ध्वस्त केला. शेवटचे आतामान पेत्रो काल्निशेव्स्की यांना दूर उत्तरेच्या सोलोव्हेत्स्की मठात पंचवीस वर्षे कोंडून ठेवले. पुढे १८२७ मध्ये झार निकोलसने सर्व कझाक सैन्यांचे आतामानपद आपल्या युवराजाला बहाल केले. बिरुद तेच राहिले, पण निवडणारी सभा गेली.

आपल्याकडेही हे घडले. शिवाजी महाराजांनी लष्करी पदे वंशपरंपरागत होऊ दिली नाहीत. पुढे मात्र १७३१ मध्ये डभईच्या लढाईत मराठ्यांचे सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले आणि सेनापतीपद त्यांच्या अल्पवयीन भावाकडे, यशवंतरावांकडे गेले. कारभार आई उमाबाईंनी समर्थपणे पाहिला, पण पद घराण्याची मिरास झाले ते झालेच.

संमती हवीच, पण तेवढ्याने भागत नाही, हा चिनहटचा दुसरा धडा. जिंकलेल्या सैन्याला रेसिडेन्सी घेता आली नाही. बिरजीस कद्रची आई बेगम हजरत महल आणि बंडाचे दुसरे नेते मौलवी अहमदुल्ला शाह यांच्या गटांत एकवाक्यता राहिली नाही आणि मार्च १८५८ मध्ये लखनौ पडले. कझाकांपाशी निवडीबरोबर शिस्त होती. अवधच्या शिपायांना ती घडवायला अवधीच मिळाला नाही.

म्हणून पक्ष असो, संघटना असो की गावची सहकारी संस्था, नेत्याच्या बिरुदावर भाळू नका. त्याला ते कुणी दिले आणि जाब विचारून काढून कोण घेऊ शकते, हे दोन प्रश्न आधी विचारा. दुसऱ्याचे उत्तर ‘कोणी नाही’ असे असेल, तर ते नेतृत्व नव्हे, मालकी आहे.