जीर्णतेचे अनुकरण आणि साक्षीची नीती

कलाकृतीतील चिन्ह आणि त्यामागील घटना यांच्या संबंधाची चर्चा करताना समीक्षा बहुधा साहित्य व चित्रकला यांच्या परिसरातच वावरते. हाच प्रश्न एका दुर्लक्षित कारागिरीत अधिक उघडपणे उभा राहतो. लष्करी वाहनांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जोडून रंगविणारे हौशी कारागीर त्यांवर हेतुतः धूळ, चिखल, गंज आणि उडालेल्या रंगाचे टवके चितारतात. या प्रक्रियेला ते 'वेदरिंग' म्हणतात. 'तामिया' या जपानी कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी, आत मोटार व बॅटऱ्या मावाव्यात अशा बेताने, पँथर रणगाड्याची प्रतिकृती काढली आणि त्यातून १:३५ हे प्रमाण रूढ झाले. पुढे अमेरिकेतील शेपर्ड पेन, बेल्जियममधील फ्रान्स्वा व्हर्लिंडन प्रभृतींच्या कामामुळे जीर्णतेचे रंगकाम हा या कारागिरीचा मानदंड ठरला. येथे प्रश्न असा की, जिने युद्धाचा एक क्षणही पाहिलेला नाही अशा वस्तूवर युद्धाच्या खुणा उमटविणे ही असत्याची निर्मिती आहे काय?

न्यायदर्शनाच्या परिभाषेत बोलायचे तर प्रत्येक खूण हे शेषवत् अनुमानाला दिलेले निमंत्रण असते. कार्य पाहून आपण कारणाकडे जातो. प्रतिकृतीकार कारणाशिवाय कार्य घडवितो. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तैलरंग खाचांत उतरवून तो मळ सुचवितो. जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवून झीज सुचवितो. गंजाच्या रंगावर हेअरस्प्रेचा थर, त्यावर वाहनाचा रंग, आणि मग ओल्या कुंचल्याने वरचा रंग खरवडून तो पोपडे काढतो. मात्र या कृतीस सरसकट असत्य म्हणता येत नाही, कारण प्रेक्षकाची फसवणूक येथे अभिप्रेत नसते. तिचे सत्यासत्य निराळ्या ठिकाणी ठरते: ही खूण ज्या कारणाचा निर्देश करते ते कारण तेथे संभवत होते काय? चालक दल जेथे पाय देऊन चढते त्या झाकणाच्या कडेवर रंग झिजणे सकारण आहे. ज्या उभ्या पत्र्याला कोणाचाही स्पर्श होत नाही तेथे तीच झीज केवळ अलंकार आहे. प्रमाणाचे बंधनही असेच नैतिक ठरते. प्रतिकृतीवरील एक मिलिमीटरचा टवका म्हणजे मूळ वाहनावरील पस्तीस मिलिमीटरची जखम होय.

रोलाँ बार्त यांनी १९६८ मधील आपल्या निबंधात दाखविले आहे की, वास्तववादी कथनातील निरुपयोगी तपशील कोणताही अर्थ सांगत नाही. तो केवळ 'हे वास्तव आहे' एवढेच सांगतो. वेदरिंगची अधोगती नेमकी येथे होते. कारणापासून तुटलेली खूण वास्तवाचा संकेत बनते, आणि संकेत रूढ झाला की प्रत्येक वाहन सारखेच मळलेले व सारखेच गंजलेले दिसू लागते. युद्धात अनेक रणगाडे जुने होण्यापूर्वीच नष्ट झाले, हे अशा जीर्णतेत लोपते. त्यांच्याबाबत दीर्घ वार्धक्याचे चित्रण हा इतिहासाचा विपर्यास आहे. उलट जळालेल्या रणगाड्यावरील नारिंगी गंज काळाचा नसतो; रंग जळून गेल्यावर उघडे पडलेले पोलाद काही दिवसांतच तसे दिसू लागते. ती आगीची खूण आहे, आणि आगीत आत कोणी होते काय हा प्रश्न तिच्याशी अटळपणे जोडलेला आहे. ज्या छटेचे रंगसौंदर्य म्हणून कौतुक होते तिचा निर्देश कित्येकदा मृत्यूकडे असतो.

जॉन रस्किन यांनी 'मॉडर्न पेंटर्स'च्या चौथ्या खंडात (१८५६) टर्नर आणि स्टॅनफील्ड यांनी चितारलेल्या पवनचक्क्यांची तुलना करून चित्रमयतेचे दोन स्तर कल्पिले. मोडकळीस आलेल्या वस्तूमागील दैन्याशी ज्याचे नाते नाही अशा आस्वादाला त्यांनी हृदयशून्य ठरविले. हा निकष येथे उपयुक्त आहे, तथापि अपुरा आहे. वस्तूविषयी सहानुभूती जागविणे हेच रस्किन यांना इष्ट; रणगाड्याच्या बाबतीत अडचण त्या सहानुभूतीतच दडलेली आहे.

कारण वाहनाच्या अंगावर नोंद होते ती त्याच्यावर झालेल्या आघातांची. त्याने इतरांवर केलेल्या आघातांची नोंद इतरत्र, घरांच्या भिंतींवर आणि माणसांच्या देहांवर होते. ती प्रतिकृतीच्या चौकटीत येतच नाही. म्हणून कारणमीमांसेच्या दृष्टीने निर्दोष असे वेदरिंगसुद्धा संहाराच्या साधनाला सोसणाऱ्याचे रूप देते. रसचर्चेच्या भाषेत सांगायचे तर येथे करुणाचे आलंबन बदलते: शोक माणसांचा व्हावा तेथे तो यंत्राचा होतो. प्रत्येक खूण खरी असूनही साक्ष एकांगी राहू शकते, हा या कारागिरीतून मिळणारा सर्वांत गंभीर बोध होय.

हा केवळ छंद आहे, त्यावर एवढे ओझे कशाला, असा आक्षेप संभवतो. परंतु तपशिलाच्या अचूकतेसाठी एवढे कष्ट घेणाऱ्याने सत्याचा दावा आधीच स्वीकारलेला असतो, आणि दावा स्वीकारला की त्याची मर्यादा ओळखण्याचे दायित्वही येते. प्रतिकृतीकार ती मर्यादा पूर्णतः ओलांडू शकणार नाही. पण झिजलेल्या झाकणाच्या कडेवर माणसाचे पाऊल आणि नारिंगी पत्र्यावर आग वाचता येईल, एवढी कारणनिष्ठा तो राखू शकतो. युद्धविषयक कथात्म साहित्याच्या समीक्षेनेही तपशिलाच्या अस्सलतेवर समाधान मानू नये. तो तपशील कोणाच्या देहावरचा आहे, आणि कोणाचा देह वर्णनाबाहेर राहिला, हे तिने विचारावयास हवे.